लाल सिग्नलला किती वेळ थांबायचं?

(या भागात बोललेलं जवळपास जसंच्या तसं खाली दिलंय. अडखळणं आणि 'म्हणजे म्हणजे' तेवढं काढलं आहे.)

मागं हॉर्न ऐकू आला ना? तो इफेक्ट नाहीये, खराखुरा आहे. आमचं घर मोडनिंब स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. खिडकी लावली, पंखा बंद केला, आईला मिक्सर लावू नको म्हणून सांगितलं, तरी गाडी काय माझं ऐकत नाही. तर तो हॉर्न राहू दे, कारण आजचा विषयच तो आहे.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. 'दादा, ट्रेन सिम्युलेटर खेळायचाय. मोबाईलवरचा सोपा घेऊ, की पीसीवरचा अवघड? सोपा खोटा वाटतो आणि अवघड कंटाळवाणा.' याचं उत्तर द्यायला मला माझी थोडी फजिती सांगावी लागेल. चालेल ना?

आधी गावाबद्दल दोन मिनिटं. मोडनिंब म्हणजे माढा तालुका, जिल्हा सोलापूर. पुणे-सोलापूर हायवेवरून जाताना तुम्ही आम्हाला ओलांडून गेला असाल. पण आमची खरी ओळख कुर्डुवाडी-पंढरपूर लाईन. आधी ही बार्शी लाईट रेल्वे होती. अडीच फुटांची नॅरोगेज, १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत सुरू झालेली, मग पंढरपूर, लातूर आणि शेवटी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचलेली. ती उभी करणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचा हिशोब सरळ होता. कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे रूळ हलके चालतील, खर्च कमी होईल आणि तरी माल भरपूर वाहता येईल. याच माणसानं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूटसुद्धा बनवलं. आमच्या लाईनीवरून पॅराशूटकडं कसा गेला, ते त्यालाच माहीत!

ही लाईन या शतकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाली. पण गावात कुठल्याही आजोबांना विचारा, ते सांगणार, 'आम्ही चालत्या गाडीतून उतरून शेंगा उपटून परत चढायचो.' यातलं खरं किती आणि शेंगांवरचं मीठ किती, ते तुम्ही ठरवा.

तर अशा गावात वाढल्यावर मला काय व्हायचं असणार? लोको पायलट. दुसरं काही डोक्यातच नव्हतं. दहावीनंतर आयटीआय इलेक्ट्रिशियनला गेलो तेच त्यासाठी, कारण असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेला आयटीआय चालतं. आणि दुसऱ्या वर्षाला असताना एका रात्री मी भरतीची जाहिरात पहिल्यांदा नीट शेवटपर्यंत वाचली. मेडिकल ए-वन. चष्म्याशिवाय दोन्ही डोळे सिक्स बाय सिक्स. ऑपरेशन करून नंबर घालवला असेल तरी चालत नाही.

मला सातवीपासून चष्मा आहे.

यात कुणाची चूक नाही. हजार-बाराशे माणसं पाठीमागं बसलेली असताना पुढचा सिग्नल दिसायलाच पाहिजे, नियम बरोबर आहे. पण त्या रात्री मी मोबाईल उलटा ठेवला आणि छताकडं बघत पडलो. आज मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो. काम चांगलं आहे, आवडतं. पण गाडी आली की अजून मान वळते.

मग आला सिम्युलेटर. आणि मी ठरवलं, खेळीन तर शंभर टक्के खरं. कारण कुणी त्याला 'गेम' म्हटलं की मला राग यायचा.

सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर ओपन रेल्स टाकलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ट्रेन सिम्युलेटर आणला होता. नंतर कंपनीनं तो सोडून दिला, पण जगभरच्या हौशी लोकांनी सोडला नाही. जुन्या गेमसाठी बनवलेले रूट आणि इंजिनं चालवता येतील असा नवा फुकट प्रोग्रॅम त्यांनी लिहिला, तो ओपन रेल्स. आपल्याकडच्या पोरांनीही त्यासाठी भारतीय इंजिनं, डबे, सिग्नल बनवलेत. मी आणि माझ्या एका मित्रानं ठरवलं, आपण कुर्डुवाडी ते पंढरपूर बनवायचं. पन्नासेक किलोमीटर, सिंगल लाईन. किती अवघड असणार?

आठ महिने लागले.

फाटकाच्या अलीकडचा 'सी/फा'चा बोर्ड, म्हणजे सीटी वाजवा, फाटक आहे, तो मी मोटरसायकलवर जाऊन फाटकाबाहेरून मोजून आलो. लिंबाची झाडं लावली. बाभळी लावल्या. उसाचं रान कुठं, डाळिंबाचं कुठं, यावरून आमची भांडणं झाली. आणि पहिली ॲक्टिव्हिटी बनवली, म्हणजे खेळायचा प्रसंग. एक पॅसेंजर गाडी कुर्डुवाडीहून निघते, मोडनिंबला तिला समोरच्या गाडीचं क्रॉसिंग आहे. मी खऱ्या स्टेशनवर घड्याळ लावून बसलो होतो, त्या दिवशी गाडी बावीस मिनिटं थांबली होती. म्हणून गेममध्येपण बावीस मिनिटं.

मित्रानं खेळून बघितलं आणि मेसेज केला, 'सिग्नल लाल होता म्हणून जेवून आलो. परत आलो तरी लालच आहे. भाजी परत घेऊ का?'

मला राग आला. म्हटलं, खऱ्या लोको पायलटला कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, 'येतो ना. पण त्याला पगार आहे.'

आता यापेक्षा वाईट गोष्ट सांगतो. माझा मावसभाऊ, आठ वर्षांचा. सुट्टीत आला की मोबाईलवर इंडियन ट्रेन सिम्युलेटर खेळतो. चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्हनं बनवलेला, तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या फोनवर असेल. हॉर्न वाजवायचा, स्टेशन बघायचं, प्लॅटफॉर्मवर गाडी उभी करायची. पोरगं खूश. आणि मी शेजारी बसून सुरू झालो. 'अरे, डबल यलो होता, दिसला नाही? असा ब्रेक मारतात का? हॉर्न उगाच वाजवत नाहीत. हे खोटं आहे, हे पण खोटं आहे.' दोन दिवस त्यानं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो कार रेसिंग खेळत होता. मी विचारलं, ट्रेनचं काय झालं? म्हणाला, 'ती तुझी आहे.'

मंडळी, मला ते लागलं. आठ वर्षांच्या पोराला गाडी आवडत होती आणि मी, गाडीवर जीव टाकणारा माणूस, ती त्याच्या हातातून काढून घेतली. माझ्याकडून जशी एका नियमानं काढून घेतली होती, अगदी तशी. फरक एवढाच की रेल्वेच्या नियमाला कारण होतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. ॲक्टिव्हिटी बदलली. क्रॉसिंग काढून टाकलं. सगळे सिग्नल हिरवे. म्हटलं घ्या, पळवा!

आणि इथं आमच्या आळीतले एक काका येतात. रिटायर्ड लोको पायलट, नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मी हौसेनं त्यांना बोलावलं, खुर्चीवर बसवलं, चहा दिला. त्यांनी चष्मा पुसला, आता त्यांनापण चष्मा आहे बरं का, आणि गाडी काढली. आठवा नॉच, लऊळ गेलं, सगळं हिरवं. मोडनिंबच्या अलीकडं त्यांनी मान वळवून मला विचारलं, 'आरं, क्रॉसिंग कुठं हाय?'

म्हटलं, 'काढलं काका. लोकांना थांबायचा कंटाळा येतो.'

ते म्हणाले, 'सगळा हिरवा? अशी ड्यूटी मला उभ्या नोकरीत एकदा बी मिळाली न्हाई.' मग थोड्या वेळानं म्हणाले, 'सगळा हिरवाच असंल तर सिग्नलकडं बघायचं कशाला?'

हे वाक्य मी दुकानात मोटार गुंडाळताना चार दिवस घोळवत होतो. बघा ना. हिरव्या सिग्नलची मजा कधी येते? तो लाल असू शकला असता, तेव्हा. लांबून दिवा दिसतो, चष्म्यातून नीट कळत नाही पिवळा की हिरवा, हात ब्रेकवर जातो, आणि मग हिरवा निघतो. हा जो सुस्कारा आहे, तीच मजा. मी बावीस मिनिटं थांबवून ती मारली होती, आणि क्रॉसिंग काढूनही तीच मारली होती.

काकांनी दुसरी गोष्ट शिकवली ती ब्रेकची. म्हणाले, 'गाडी पळवायला काय, नॉच दिला की पळती. थांबवायची कला हाय.' आणि समजावून सांगितलं. गाडीच्या टोकापासून टोकापर्यंत एक नळी असते, ब्रेक पाईप. तिच्यात पाच किलोचा हवेचा दाब. लोको पायलट ए-नाइन नावाच्या हँडलनं तो दाब थोडा कमी करतो, मग प्रत्येक डब्याचा ब्रेक लागतो. दाब कमी केला म्हणजे ब्रेक लागतो, हे आधी डोक्यात बसायला पाहिजे. नळी तुटली, डबे सुटले, तर दाब आपोआप जातो आणि गाडी आपोआप थांबते. म्हणून ही पद्धत सुरक्षित. पण गंमत अशी की हवा लांब नळीतून जायला वेळ घेते. ब्रेक आत्ता लावला तरी परिणाम थोड्या वेळानं. आणि सारखं लाव-सोड केलं तर दाब परत भरायला वेळ लागतो, मग ऐनवेळी हाताशी ब्रेक कमी. म्हणून गाडी जिथं थांबवायची त्याच्या खूप आधी, मनात थांबवावी लागते.

मोबाईल गेममध्ये ब्रेक म्हणजे मोटरसायकलचा ब्रेक. दाबला की थांबली. पीसीवर पहिल्या दिवशी मी मोडनिंबचा प्लॅटफॉर्म अख्खा ओलांडून गेलो. दुसऱ्या दिवशी इतका अलीकडं थांबलो की लोकांना रानातून चालत यावं लागलं असतं. तिसऱ्या आठवड्यात इंजिन बोर्डाजवळ उभं राहिलं. मी एकटा खोलीत टाळ्या वाजवल्या. हे अवघड होतं, पण कंटाळवाणं एक मिनिटही नव्हतं.

म्हणजे बघा, खरेपणा हा एकच पदार्थ नाहीये. त्यात वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, हाताला लागणारा खरेपणा. ब्रेक, वजन, चढ, उतार. यातून कौशल्य येतं, हा ठेवायचा. दोन, मनाला लागणारा खरेपणा. पुढं काय होईल माहीत नाही, सिग्नल काय दाखवेल माहीत नाही, हाही ठेवायचा. तीन, घड्याळाचा खरेपणा. बावीस मिनिटं म्हणजे बावीस मिनिटं, हा बिनधास्त कापायचा.

जपानी लोकांना हे फार आधी कळलं होतं. १९९६ मध्ये ताइतो कंपनीनं 'देन्शा दे गो' नावाचा गेम आणला. दुकानातलं मशीन, एक पॉवरचा दांडा आणि एक ब्रेकचा. त्यात काय करायचं? वेळेत स्टेशन गाठायचं आणि ठरलेल्या जागेवर गाडी उभी करायची. बाकी रेल्वेची हजार कामं त्यांनी सोडून दिली आणि एकच धरलं, बरोबर थांबणं. लोक रांगा लावून खेळले. आणि त्याच देशात जेआर ईस्ट या खऱ्या रेल्वे कंपनीनं २०२२ मध्ये स्टीमवर स्वतःचा सिम्युलेटर काढला, ज्यात केबिनमधून घेतलेला खराखुरा व्हिडिओ पुढं सरकतो. एकात चित्रं साधी, एकात अस्सल. पण दोन्हीत तुमच्या हातात काम तेच, वेळ आणि थांबा.

तर आम्ही काय केलं? क्रॉसिंग परत आणलं, पण दोन मिनिटांचं. समोरच्या गाडीचा दिवा दिसतो, ती धडधडत शेजारून जाते, मग आपला सिग्नल पडतो. जेवून येण्याइतका वेळ नाही, पण 'आलो रे बाबा' म्हणण्याइतका आहे. दुसरं, एकाच प्रवासाच्या तीन ॲक्टिव्हिटी बनवल्या. एकीत क्रॉसिंग मोडनिंबला, एकीत आष्टीला, एकीत कुठंच नाही. नावं फक्त एक, दोन, तीन, आणि कुठली कुठली ते आमचा मित्र मला न सांगता बदलतो. त्यामुळं बनवणारा मी, तरी मलाच माहीत नसतं पुढं काय आहे.

आणि तिसरी गोष्ट, माणसं. आम्ही आठ महिने झाडं आणि बोर्ड लावले, पण आमचे प्लॅटफॉर्म रिकामे होते. आषाढीला आमच्या लाईनवर कशी गर्दी असते ते तुम्हाला माहीत असेल. पताका, टाळ, गाठोडी, दारात लटकलेली माणसं, आणि विठ्ठलाचा गजर इंजिनाच्या आवाजावर चढलेला. ती सगळी गर्दी उभी करणं आमच्या कॉम्प्युटरला झेपत नाही. पण वीस-पंचवीस माणसं उभी केली आणि स्टेशनवर रेकॉर्ड केलेला गलका त्यात टाकला. फरक पडला! आता थांबताना वाटतं, कुणीतरी वाट बघतंय.

आता एक गोष्ट जी मी कधीच टाकणार नाही.

काका दुसऱ्यांदा आले तेव्हा मी रात्रीची ॲक्टिव्हिटी लावली होती. हेडलाईटचा उजेड, पुढं एक फाटक. त्या फाटकाच्या अलीकडं त्यांनी हात ब्रेकवर नेला. काहीच नव्हतं पुढं, सिग्नल हिरवा होता. गाडी थांबली. ते म्हणाले, 'बंद कर जरा.' मी बंद केली. चहा गार होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'तुझ्या गेमात रुळावर कुणी येत न्हाई, ते बरं केलंस.'

एवढंच. मी पुढं विचारलं नाही. रेल्वेजवळ राहणाऱ्यांना विचारावं लागत नाही. गाडी जागेवर थांबत नाही, ब्रेक लावला तरी किलोमीटरभर जाऊ शकते, आणि तेवढा वेळ तो माणूस काचेतून बघत असतो. हे इंटरनेटवर गंमत म्हणून मागणारे आहेत. 'भाऊ, रुळावर गुरं टाक, माणसं टाक, रिअल वाटेल.' मी त्यांना नाही म्हणतो. काही खरेपणा खेळातून बाहेर ठेवणं हा त्या कामाचा मान आहे. आणि हो, तुम्ही मोडनिंबला या किंवा कुठंही जा, रुळावर उभं राहून रील काढू नका. त्या काचेमागं कुणाचे तरी काका आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सोपा की अवघड?

मोबाईलपासून सुरू करा, लाजू नका. पण त्यात एकच काम खरं करा, थांबणं. नकाशाकडं न बघता ठरलेल्या जागेवर गाडी उभी करून बघा. पीसी मिळाला तर पहिल्या दिवशी सगळे पर्याय चालू करू नका. आधी ब्रेक शिका, आठवडाभर फक्त ब्रेक. मग सिग्नल. मग केबिनमधले दिवे आणि बझर. खऱ्या इंजिनात एक सावधानता यंत्र असतं, साधारण मिनिटभर लोको पायलटनं काहीच केलं नाही तर आधी दिवा, मग बझर, आणि तरीही हालचाल नाही तर गाडी स्वतः ब्रेक लावते. ते शेवटी चालू करा, नाहीतर पहिल्याच दिवशी बझर ऐकून घरचे कॉम्प्युटर बाहेर ठेवतील.

आणि एक फुकटची युक्ती. खऱ्या गाडीत लोको पायलट आणि असिस्टंट दोघं सिग्नल मोठ्यानं बोलतात, हात करून दाखवतात. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. चुकीचा सिग्नल डोक्यात राहू नये म्हणून. तुम्ही मित्राला शेजारी बसवा, नाहीतर फोन स्पीकरवर लावा, आणि एकजण असिस्टंट व्हा. कुठलंही सेटिंग न बदलता खेळ दुप्पट खरा होतो, आणि दुप्पट मजेशीरसुद्धा.

ही युक्ती मी कुठं वापरली सांगू? दिवाळीच्या सुट्टीत मावसभाऊ आला. मी कॉम्प्युटर लावला आणि म्हटलं, 'मला लांबचं नीट दिसत नाही, चष्मा आहे. तू सिग्नल सांगशील का?' थोडा वेळ उभाच राहिला. मग खुर्ची ओढली. कुर्डुवाडी सुटली, आणि पोरगं ओरडायला लागलं, 'हिरवा!' मी म्हणायचं, 'हिरवा.' 'हिरवा!' 'हिरवा.' मोडनिंबच्या अलीकडं तो एकदम पुढं झुकला. 'दादा, डबल यलो!'

मी म्हटलं, 'डबल यलो,' आणि हँडल ओढलं. कुठली ॲक्टिव्हिटी होती, मला माहीत नव्हतं. गाडी बोर्डापासून चारेक मीटर पुढं गेली. त्यानं मला माफ केलं. 'हॉर्न मी वाजवू?' म्हणाला. नियमानं तिथं हॉर्न नव्हता.

म्हटलं, 'वाजव.'

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावची कुठली लाईन तुम्हाला चालवायला आवडेल, आणि तिथलं काय ठेवाल, काय कापाल, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवीन. मागं परत हॉर्न वाजतोय, ऐका. बहुतेक क्रॉसिंग आहे. थांबेल दोन मिनिटं... किंवा बावीस.